दामूनानांची ऊब

किन्हवलीत चहाच्या पातेल्याला गोधडी गुंडाळून ठेवणारा माणूस एकच होता. आमचे शेजारी, दामूनाना. चहा हळूहळू निवेपर्यंत पाहुणा ताटकळत बसे. नाना म्हणत, "एकदम गार केलं का तडकतं." चहा तडकत नाही, हे त्यांना सांगून काही उपयोग होत नसे.

नव्वदच्या दशकात नाना मुंबईतल्या एका प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन गावी आले. तिथे ते भट्टीत स्फटिक वाढवत. काचेसारखा दिसणारा, मिठाच्या जातीचा खडा. गॅमा किरण आदळला की त्याच्या आत क्षणभर उजेड चमकतो आणि यंत्र तो टिपतं. न्यूट्रॉनसाठीचा खडा वेगळा, त्यात लिथियम. पण भट्टी घाईने थंड केली की दोन्हींना तडे जातात. हा नियम नानांनी घराला लावला. उन्हातून आलेल्या माणसाला ते आधी अंगणात, मग ओटीवर बसवत, घरात शेवटी.

"म्हशाच्या जत्रंतून बैल आनला, त्यालाबी गोठ्याभायेर उभा ठेवला गो," त्यांच्या पत्नी, पार्वतीकाकी, माझ्या आईला सांगत.

पुढे काकींची पाठ दुखू लागली. मुंबईच्या इस्पितळात हाडांचा स्कॅन झाला. त्या कॅमेऱ्यात नाना वाढवत तसलाच खडा असतो. फिल्मवर मणक्यात काळे डाग होते; डॉक्टर म्हणाले, कॅन्सर. नानांनी डॉक्टरांना सांगितलं, खोलीतला एसी मध्येच बंद पडला असणार, खडा तडकला असणार, तडाच डागासारखा दिसतोय. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. नानांनी काकींना दुसऱ्या इस्पितळात नेलं, मग तिसऱ्या. प्रत्येक ठिकाणी आधी एसीची चौकशी केली. डाग जागचे हलले नाहीत.

परतताना एसटीत मी सोबत होतो. काकी म्हणाल्या, "सगल्यांचे खडे तडकले, आन् मीच तेवढी धड? असं कुठं असतं का?"

त्यानंतर नानांनी खड्याचं नाव काढलं नाही.

काकी त्याच हिवाळ्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही राख सावडायला गेलो. रिवाजाप्रमाणे पुतण्याने राख विझवायला पाण्याची कळशी उचलली. नाना आडवे आले.

"पानी नको रे. तडकंल ती."

कोणी हसलं नाही. पुतण्याने कळशी खाली ठेवली. नाना राखेजवळ उकिडवे बसले. मधूनमधून तिच्यावर हात धरत. कामावर जाणारे एकेक करून निघून गेले. दुपार कलली तेव्हा मी शेजारी बसून राखेत हात घातला. राख गार होती.

"थांब जरा," नाना म्हणाले. "अजून ऊब हाय."