गवळणीची मिशी

अनिलच्या मिशीला वस्तरा लागला तेव्हा सोनूबाई समोर खुर्ची टाकून बसली होती. मध्येच उठून पळाला तर धरायला. एकोणपन्नास वर्षांचा घोडा, पालीच्या सोसायटीत कारकून, घरी बायको-मुलं, आणि मिशी जायची म्हणून तोंड असं केलं होतं की जणू कान कापताहेत.

"आये, जरा बारीक करून ठेवूया काय? वरून पावडर लावली की दिसायची नाय."

"बारीक मिशीची गवळण बघायला कोण येणार? मांजरा?" सोनूबाई म्हणाली. न्हाव्यानं मग एकाच ओढीत उजवी बाजू साफ केली. त्यानंतर डावी ठेवायला अनिलकडे काही कारण उरलं नाही.

रेवाळ्यांच्या घराण्याचं नमन, शिमग्यातला सोंगांचा नाच, म्हणजे एके काळी देवरूखपासून रत्नागिरीपर्यंत नाव होतं. सोनूबाईचे सासरे धाकू रेवाळे गवळण करायचे. नमनात बाई नसते, बाईचं सोंग पुरुषच घेतो; पण धाकू उभे राहिले की पुढे बसलेल्या बायका आपापले पदर सारखे करत. सोनूबाई लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांना तिच्यापेक्षा चांगलं नऊवारी नेसता येत होतं, आणि हे ते तिला रोज सांगत. तर या धाकूंवर, त्यांच्या घराण्यावर दहा मिनिटांची फिल्म करायची म्हणून रत्नागिरीहून तेजल नावाची मुलगी आली होती. सोबत विनीत, कॅमेरावाला. कॅमेरा कोणाचा तरी मागून आणलेला, दोनच दिवसांसाठी. आज आणि उद्या.

तेजलचं म्हणणं होतं की धाकूंचं काम कॉलेजातल्या एखाद्या मुलीला देऊ. सोनूबाईनं तिला चहा दिला आणि शांतपणे विचारलं, की पुरुषानं केलेली बाई दाखवायची आणि त्याच्यासाठी बाई आणायची, मग तुझ्या फिल्ममध्ये बैलाचं काम म्हैस करणार काय. तेजलनं तो विषय सोडला. उंची आणि चाल धाकूंची होती ती फक्त नातवात, अनिलमध्ये. मिशी तेवढी आड येत होती, ती गेली.

खरी अडचण दुसरीच होती. संकासुराशिवाय नमन म्हणजे नवऱ्याशिवाय वरात. काळा झगा, कमरेला घुंगरं, तोंड झाकणारा उंच टोप आणि पांढरी दाढी. ते सोंग आणि तो धाकूंच्या हातचा टोप, दोन्ही होते सखारामकडे, वरच्या वाडीत. सखाराम म्हणजे सोनूबाईचा धाकटा दीर. अकरा वर्षांपूर्वी देवरूखच्या नमनात तो भर खेळात आडवा पडला. मृदंगावर होता मोठा भाऊ रामा, म्हणजे सोनूबाईचा नवरा. सखाराम म्हणाला ताल चुकला, रामा म्हणाला पाय चुकला. त्याच पहाटे सखारामनं टोप काखेत मारला आणि वरच्या वाडीत गेला. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद, आणि रेवाळ्यांचं नमनही बंद.

तेजल आपण होऊन सखारामकडे जाऊन आली होती. त्यानं तिला शहाळं पाजलं, टोप लांबून दाखवला आणि सांगितलं, "मोठ्या घरानं बोलवावं. मग बघू."

मोठं घर म्हणजे सोनूबाई. ती म्हणाली, "जो उठून गेला त्यानं यावं. मी काय बोलावणं करायची नाय."

आदल्या संध्याकाळी तेजलनं हात जोडले. उद्या संध्याकाळपर्यंत संकासूर मिळाला नाही तर लांज्याकडचं एक मंडळ तयार आहे, सगळं साहित्य आहे, फिल्म त्यांच्यावर करावी लागेल, असं तिनं सांगितलं. धाकूंचं नाव? तेजल जमिनीकडे बघत म्हणाली, एखाद्या वाक्यात घेऊ. सोनूबाईला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. सासऱ्यांचं आयुष्य आणि एक वाक्य. तरी ती वरच्या वाडीची पायवाट चढली नाही. आधी गवळण तर होऊ दे, मग बघू, एवढंच म्हणाली.

सकाळी मिशी उतरली आणि तेजलनं अनिलच्या हातात यादी दिली. गवळणीच्या डोक्यावर घ्यायला एक मडकं आणि हातात घालायला हिरव्या बांगड्या. उजेड तोंडावर पाडायला चार वार पांढरं कापड. अंगणात शिंपडायला गोमूत्र, कारण विनीतला धूळ उडायला नको होती आणि पाणी लगेच सुकत होतं. ही अक्कल सोनूबाईची. अनिल गाडीवरून पालीला गेला.

आता बापूस असताना पुरुष मिशी काढत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण धाकू दर शिमग्याला मिशी उतरवायचे, बाप जिवंत असताना उतरवायचे, त्यामुळे या एकाच घराला उतरलेल्या मिशीत काही वावगं दिसत नव्हतं. पालीला दिसलं. दुकानदारानं अनिलचा उघडा ओठ पाहिला, मडकं दिलं, पांढरं कापड फाडून दिलं, आणि काही न विचारता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अनिलला वाटलं मिशीबद्दल वाईट वाटतंय बिचाऱ्याला. लाजून त्यानं तोंडाला रुमाल लावला आणि मान खाली घालून गाडी मारली. हे सगळं बाजाराच्या दिवशी, सगळ्या पालीच्या समोर.

पालीची बातमी मुंबईला पोचली आणि अकरा वाजता चुलत पुतण्या निलेशनं नातेवाइकांच्या ग्रुपवर रामा काकांचा फोटो टाकला, भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो निलेशच्याच लग्नातला होता, काकांच्या हातात जिलबी. इकडे घरात कोणाला पत्ता नाही, कारण मध्येच वाजू नयेत म्हणून तेजलनं सगळ्यांचे फोन गोळा करून तांदळाच्या डब्यात ठेवले होते.

साडेबाराला अनिल नऊवारी नेसून उभा होता. सून दर्शना नवऱ्याच्या निऱ्या बसवत होती आणि हसू आवरत होती. रामा माजघरात फेटा बांधून, मृदंग पुसत बसला होता. विनीत म्हणाला, शांतता. आणि घराच्या मागे कुऱ्हाडीचा घाव पडला.

सोनूबाई धावली. मागच्या परड्यात वाडीतले दोन बाप्ये रायवळ आंब्याला भिडले होते. तिनं विचारलं, कोणाला विचारून तोडता. त्यातला एक कुऱ्हाड खाली ठेवून, डोळे पुसत म्हणाला, "काकी, तुमी घरात बसा. लाकडांचं आमी बघताव."

"कसली लाकडं? फळाचं झाड हाय माझं."

"रामा काकाला आंब्याचंच लागणार ना," तो म्हणाला.

सोनूबाईनं त्याला नीट विचारून घेतलं. मग आणखी नीट विचारून घेतलं. तोवर पुढच्या अंगणात माणसं चढायला लागली होती. एक लांबची नणंद हंबरडा फोडत आली, तिनं सोनूबाईला मिठी मारली, आणि मग जरा मागे होऊन तिचं नवं लुगडं आणि रुपयाएवढं कुंकू पाहून गार पडली. शूटिंगसाठी सोनूबाई नटली होती. नणंदेनं हात तिच्या कपाळाकडे नेला.

"हात लावलास तर मनगट उपटीन," सोनूबाई म्हणाली. "जिता हाय तो. आत बसलाय."

नणंद बाकीच्या बायकांकडे वळून हळूच म्हणाली की धक्का बसलाय गो, अजून समजलेलं नाय तिला.

सोनूबाई प्रत्येकीला सांगत होती, जिवंत आहे, जिवंत आहे. जितकं सांगावं तितक्या बायका जास्त रडत होत्या. एकीनं तिला साखरपाणी पाजलं. नऊवारी नेसलेला अनिल लाजून कणगीमागे लपला होता. त्याच्याबद्दल कोणीतरी म्हणालं, पोराच्याही डोक्यावर परिणाम झाला. शेवटी ती दातओठ खात माजघरात गेली, नवऱ्याला म्हणाली, "उठा. अंगणात जाऊन त्यांना तोंड दाखवा."

रामा भिंतीला कान लावून बसला होता. बाहेर कोणीतरी सांगत होतं, असा मृदंग परत होणे नाही, बोटं नव्हती ती, लाह्या होत्या लाह्या.

"जरा थांब गो," रामा म्हणाला. "चांगला बोलतायत."

"मी बाहेर माझ्या कुंकवाशी मारामारी करतेय."

"पंच्याऐंशी वर्सांत कोण बोल्ला नाय. ऐकू तरी दे." आणि मग, जरा वेळानं, तिच्याकडे न बघता: "आमचा सखाराम आला काय?"

सोनूबाईनं दार नुसतं ओढून घेतलं.

तेजल तोवर वेगळ्याच घाईत होती. नमनाला प्रेक्षक हवे असतात, आणि तिच्याकडे जमले होते चारच. आता अंगण भरलं होतं. तिनं विनीतला खूण केली, कॅमेरा चालू ठेव. सोनूबाईनं ते पाहिलं आणि पहिल्यांदाच त्या मुलीबद्दल तिला बरं वाटलं. पोरीला प्रसंग ओळखता येत होता.

दोन वाजता सखाराम आला. वरच्या वाडीची दहा-बारा माणसं मागे, आणि त्याच्या काखेत जुन्या धोतरात बांधलेलं उंच बोचकं. अकरा वर्षांनी तो ती पायरी चढत होता. तो पडवीत टेकला, बोचकं पुढ्यात ठेवलं. टोप होता. भावाबरोबर जाळायला आणला असणार, असं बायकांनी आपसांत ठरवलं आणि पदर डोळ्यांना लावले. सगळ्यांना वाटलं आता हा फुटणार. सोनूबाई दाराला पाठ लावून उभी होती. आतून नवऱ्याचा श्वास तिला ऐकू येत होता.

सखारामनं घसा साफ केला.

"माणूस सोन्यासारखा होता," तो म्हणाला. "गेल्या माणसाचं वाईट बोलू नये. पन देवरूखला ताल त्याचाच चुकला होता."

दार असं उघडलं की सोनूबाई दोन पावलं पुढे फेकली गेली. फेटा बांधलेला, गळ्यात मृदंग अडकवलेला रामा उंबऱ्यावर उभा होता.

"कोणाचा ताल रे? पाय कोणाचा चुकला ता सांग आधी."

लांबची नणंद जागच्या जागी कोसळली. कुऱ्हाडवाले दोघे मागच्या मागे निघाले ते थेट ओढ्यापर्यंत. सखाराम मात्र बसल्या जागेवरून हलला नाही.

"तिसऱ्या फेऱ्याला तू हात जड केलास."

"तिसऱ्या फेऱ्याला तू डोळे मिटलेस. म्हातारा झालास तेव्हाच."

"वाजव मग. वाजवून दाखव तोच फेरा. ह्या सगळ्या लोकांम्होरं."

रामानं थाप मारली. सखारामनं बोचकं सोडलं, टोप डोक्यावर चढवला, झगा घालायलाही थांबला नाही. सत्त्याहत्तर वर्षांचा संकासूर धोतर-सदऱ्यावर अंगणात उतरला. रडायला आलेली माणसं आधी उभी राहिली, मग मागे सरली, मग गोल करून बसली. टाळ कुठून आले कोणास ठाऊक. दर्शनानं कणगीमागून नवऱ्याला ओढून काढलं, डोक्यावर मडकं ठेवलं आणि अंगणात ढकललं. अनिल दोन पावलं अडखळला आणि मग चालायला लागला. सोनूबाईनं तोंडाला पदर लावला. चाल सासऱ्यांची होती. बायकांपैकी तिघींनी नकळत आपापले पदर सारखे केले.

तिसरा फेरा पुरा झाला. कोणी पडलं नाही. ताल चुकला होता की पाय, हे त्यामुळे ठरलंच नाही, आणि दोघा भावांनी त्यावरून नव्यानं भांडण सुरू केलं, ते उन्हं उतरेपर्यंत चाललं. उजेड गेला तेव्हा संकासुराचं निम्मं काम राहिलं होतं. तेजल म्हणाली, राहिलेलं उद्या सकाळी दहाला घेऊ, आजोबा येतील ना? सखारामनं ऐकू न आल्यासारखं केलं. सोनूबाईनंही.

माणसं पांगली. निलेशला फोन करून जिलबीचा फोटो ग्रुपवरून काढायला लावला. सखाराम टोप परत धोतरात बांधून पायरीपर्यंत गेला आणि थांबला.

"वैनी, दादा जिता हाय ता मना सकाळीच कळला होता."

सोनूबाई अंगण झाडत होती. केरसुणी थांबली.

"पालीला कासारानं सांगितलं. अनिलनं हिरव्या बांगड्या घेतल्या, मोठ्यातल्या मोठ्या मापाच्या. दादा गेला असता तर तुमच्या फोडल्या असत्या. नव्या कशाला घेतोय कोण?"

"मग तोंड पाडून, टोप घेऊन आलात कशाला?"

सखारामनं बोचकं या काखेतून त्या काखेत घेतलं.

"मयताला बोलावणं लागत नाय," तो म्हणाला.

सोनूबाई बराच वेळ एकाच जागी झाडत राहिली. तिथं केर नव्हता. माजघरातून रामाचं पुटपुटणं येत होतं, पाय, पायच चुकला होता. सखाराम शेवटची पायरी उतरून पायवाटेला लागला तेव्हा तिनं मान वर केली.

"भावजी, मी काय बोलावणं करायची नाय," ती म्हणाली. "पन उद्या सकाळी दहाला तुमचे दादा परत जातायत. उशीर करू नका."