बादशहाने दिलेला रविवार

दोह्यात रविवारी सगळे कामाला जातात. शेलारकाकाही जातात, पण कोट घालून. बाहेर सकाळी सातलाच अंगाची लाही होत असते, आम्ही सगळे मळक्या टी-शर्टात, आणि हा साठीला टेकलेला माणूस काळा कोट, लाल टाय, चकचकीत बूट अशा थाटात साईट ऑफिसच्या पंचिंग मशीनसमोर उभा. कोणी हसलं की म्हणतात, "रविवार बादशहानं दिलाय. मॅनेजरच्या बापालाबी काढून घेता यायचा नाही."

बादशहा म्हणजे रोमचा कॉन्स्टंटाइन, रविवारच्या सुट्टीचा कायदा करणारा. त्याला जाऊन सतराशे वर्षं होत आली. पण काका त्याच्याविषयी असं बोलतात, जणू तो त्यांच्या श्रीरामपूरचा आमदार होता.

काका आमच्या कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर. आलेल्या प्रत्येक ड्रॉइंगवर शिक्का मारायचा आणि तारीख घालायची, हे त्यांचं काम. रविवारी ते कागद घेतात, त्यांची चळत नीट लावतात, शिक्का मात्र ड्रॉवरमध्ये कुलूपबंद. आमचा लेबनीज मॅनेजर घाई करत ओरडतो, "यल्ला शेलार, स्टॅम्प!" काका कोटाचं बटण लावत म्हणतात, "टुमॉरो, इन्शाल्ला." त्यामुळे आमच्या ऑफिसला रविवारी एकही कागद मिळाल्याची नोंद नाही. मॅनेजरने दोनदा मेमो दिला. दोन्ही मेमो रविवारी दिले, म्हणून काकांनी ते सोमवारी स्वीकारले.

अल मुंतझा भागातल्या दोन खोल्यांत मी त्यांच्याबरोबर राहतो. मी साताऱ्याचा देशमुख, पण ते मला 'इंजिनियर' म्हणतात. त्यांची प्रार्थना शुक्रवारी, कारण इथे सुट्टी शुक्रवारची. शहराच्या कडेला एकाच मोठ्या कुंपणात सगळ्या पंथांची चर्चेस आहेत, तिथे ते कंपनीच्या बसने जाऊन येतात. आले की मटण गॅसवर चढतं आणि माझ्या डोक्यावर इतिहास.

"आधी आमची माणसं लपूनछपून प्रार्थना करायची. सापडली की सिंहाच्या तोंडी. मग लढाईच्या आधी बादशहाला आभाळात क्रूस दिसला. लढाई जिंकली, अन् सगळं पालटलं. राजा मागं उभा राहिला की देवबी मोठा होतो, इंजिनियर."

हे मी निदान शंभर वेळा ऐकलंय. पण एकदा त्यांनी पुढचंही सांगितलं, मटण ढवळता ढवळता. "माझा पणजा दुष्काळात ख्रिस्ती झाला. मिशननं गहू दिला होता. गाव म्हणालं, गव्हासाठी बाटला. चार पिढ्या आम्ही ते ऐकतोय. बादशहा तर लढाई जिंकायला ख्रिस्ती झाला ना? त्याला कुणी बाटगा म्हणालं का? त्याला म्हणतात 'द ग्रेट'!"

 आमच्या गावातही चर्चमागची एक आळी होती, आणि तिथल्या लोकांना काय म्हणायचे ते मला माहीत होतं. मीही म्हटलं होतं.

पण माणूस किती ऐकून घेणार? गेल्या शुक्रवारी मटणात मीठ जास्त झालं, त्यावरून आमची जुंपली. काका म्हणाले, "बादशहाच्या पंगतीला बसायची तुझी लायकी नाही." मग मीही फोनवर वाचलेलं त्यांच्या तोंडावर फेकलं. "तुमच्या बादशहानं पोटच्या पोराला मारलं, काका. वर दगडांवर कोरलेलं त्याचं नावही खोडायला लावलं. हा तुमचा ग्रेट!"

मला वाटलं, आता ताट फेकतील. त्यांनी हात धुतला, ते आत गेले आणि बायबल घेऊन आले. त्याच्या पहिल्या पानावर घरातल्यांचे जन्म, लग्नं, मृत्यू लिहायची त्यांच्याकडे रीत आहे. बायकोच्या नावापुढे मृत्यूची तारीख होती. त्याखालचं एक नाव निळ्या पेनाने असं खोडलं होतं, की कागद फाटला होता.

"शमुवेल," काका म्हणाले. "माझा पोरगा. नोकरीसाठी जातीचा दाखला हवा होता. ख्रिस्ती लिहिलं की सवलत जाते. त्यानं 'हिंदू' लिहिलं. निस्तं कागदावर! आन् मी काय म्हणालो माहितीये? गव्हासाठी बाटलास, म्हणालो. आख्ख्या जगात मला तेवढंच सापडलं."

खोडलेल्या नावाखाली तेच नाव पुन्हा पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं. त्याच्याही खाली 'नात', आणि पुढे मोकळी जागा.

"माझ्या बहिणीनं फोन केला होता, शमूला मुलगी झाली म्हणून. मी विचारलं, कोण शमू? त्यानंतर ती काही सांगत नाही." त्यांनी बोटाने ती मोकळी जागा पुसल्यासारखी केली. "नाव ठेवलं असंलच की रे. दोन वर्षांची झाली."

मी म्हटलं, फोन करा. तर म्हणे, "माझा आवाज ऐकून ठेवून देईल. तू कर. निस्तं नाव विचार."

शनिवार त्यांनी टाळाटाळीत घालवला. रविवारी ऑफिसात पोचल्याबरोबर त्यांनी मला कोपऱ्यात ओढलं आणि नंबर सांगितला. कागद लागला नाही, तो त्यांना पाठ होता. मी लांब जिन्यापाशी जाऊन फोन लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला. मी कोण, कुठून आणि का ते सांगितलं. पलीकडे एक लहान मुलगी काहीतरी गुणगुणत होती.

"त्यांना सांगा," शमुवेल शांतपणे म्हणाला, "गव्हासाठी बाटलेल्यांच्या पोरींना नाव नसतं."

फोन बंद झाला. मला त्याचा राग आला नाही, हेच वाईट.

काका ऑफिसच्या दारात उभे होते. कोटाची सगळी बटणं लावलेली, हातात बायबल, त्यात पेन खुपसलेलं. या वेळी पेन्सिल नव्हती.

"उचलला नाही," मी म्हणालो.

त्यांनी घड्याळात पाहिलं, मनातल्या मनात तिकडची वेळ मोजली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मला मान वळवावी लागली.

"साडेनऊ झाले तिकडं," ते म्हणाले. "रविवार हाये ना आज. चर्चला गेला आसंल."