डोमाजीभाऊंचा फळा

चिमूरच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या या गावात शिक्षिका म्हणून माझी बदली झाली. पहिल्याच सकाळी बसथांब्यावरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानापाशी उभी राहून मी सहज म्हटलं, "काल चंद्रपूरला फार ऊन होतं म्हणे."

दुकानदाराने टायरमधून मान वर न काढताच विचारलं, "पायलं का आयकलं?"

"ऊन काय पाहायचं, भाऊ?"

"म्हंजे आयकलं," ते म्हणाले आणि पुन्हा पंक्चरला लागले.

हे डोमाजीभाऊ. मला खोली मिळाली तीही नेमकी त्यांच्या शेजारी, त्यामुळे गेली सहा वर्षं हा प्रश्न मी रोज झेलते आहे. भाजी महाग झाली म्हणा, गाडी लेट आहे म्हणा, सुटका नाही. एकदा मी दाढ दुखते म्हटलं, तेव्हाही त्यांनी तोंड उघडलं होतं. पण दाढ कोणत्या खात्यात घालावी हे बहुधा त्यांनाही सुचलं नाही.

दुकानाच्या भिंतीवर शाळेने टाकून दिलेला एक फळा आहे. त्याच्या मधोमध रेघ. डावीकडे 'पाहिलं', पांढऱ्या खडूने. उजवीकडे 'ऐकलं', पिवळ्या खडूने. भाऊ बोलतात झाडी बोलीत, पण फळ्यावर अगदी पुस्तकी लिहितात. रोज सकाळी सायकलवरून गावाला फेरी मारायची, बघायचं, विचारायचं आणि पहिल्या बसच्या आत फळा भरायचा. खडू मी आणून देते, म्हणून या वर्तमानपत्राची मालक मी आहे असं मी मानते. संपादक मानत नाहीत.

बस येईपर्यंत माणसं फळ्यासमोर उभी असतात आणि झाडून सगळ्यांच्या माना उजवीकडे वळलेल्या असतात. डावी बाजू वाचली जाते ती फक्त शेजाऱ्याचं नाव आलं तर. भाऊंना हे पक्कं ठाऊक आहे. "लोकाईले खरं पाहिजे, बाई," ते मला म्हणाले होते, "पन दुसऱ्याच्या घरचं."

त्यांचा दुसरा नियम असा की ज्याची बातमी, त्याला आधी वाचून दाखवायची. गावात नवा हातपंप बसला तेव्हा फळ्यावर आलं: 'हातपंपाचं उद्घाटन झालं. नारळ फुटला. पाणी आलं नाही.' लिहिण्याआधी ते सरपंचांच्या दारात जाऊन हे वाचून आले होते. सरपंच बिचारे सज्जन. म्हणाले, "भाऊ, काही चांगलं बी लिवत जा न."

भाऊंनी विचार केला आणि खाली एक ओळ वाढवली: 'नारळ गोड होता.'

स्वतःलाही ते सोडत नाहीत. एका सकाळी पांढऱ्या अक्षरांत होतं: 'डोमाजी काल सुनेवर विनाकारण ओरडला. भाजीत मीठ बरोबर होतं.' त्या दिवशी सून शेवंता पाणी भरायला जरा जास्तच वेळा फळ्यासमोरून गेली. शेवंताचा नवरा बल्लारपूरला कामाला असतो, महिन्यातून दोनदा येतो. घरात हे सासरा-सून दोघंच. भाऊंची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी मोहफुलं वेचताना वाघाने नेली. शेवंता त्यानंतर सून म्हणून आली. ही गोष्ट मला गावाने सांगितली. भाऊ स्वतः त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर एक व्हिडिओ आला: आमच्या गावाच्या रस्त्यावर वाघ. गावाला काय चढलं म्हणता! चहावाल्याने दूध दुप्पट घेतलं. बाहेरून गाड्या येऊ लागल्या. ज्यांनी आयुष्यात मांजर नीट पाहिलं नव्हतं, तेही वाघाच्या मिशीचं वर्णन करू लागले. भाऊ सायकल काढून तो सगळा रस्ता पाहून आले आणि लिहिलं: 'व्हिडिओतल्या रस्त्याच्या कडेला नारळाची झाडं आहेत. आपल्या रस्त्याला नाहीत.'

चार दिवस त्यांच्याकडे कुणी पंक्चर काढून घेतलं नाही. चहावाला तर मला म्हणाला, "मॅडम, होता वाघ तं याईच्या बापाचं का जात होतं?"

यंदा खरा वाघ आला, आणि गावाला तो नको होता.

चैत्र लागला होता. मोह बहरून फुलं पडायला लागली होती. आमच्याकडे या दिवसांत घरोघरच्या बाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन जंगलात जातात. वर्षाची भिस्त असते त्या फुलांवर. अशात भाऊंनी लिहिलं: 'नाल्याजवळच्या मोहाखाली वाघाचा पंजा. ताजा. पाहिलं.' वनरक्षकांनाही त्यांनी फोन करून कळवलं. ते दुपारी येऊन, पंजा बघून, दोन-चार दिवस जंगलात जाऊ नका असं सांगून गेले. बायांनी मान हलवली.

दुसऱ्या सकाळी फळ्याची डावी बाजू पुसलेली होती. भाऊंनी पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं गेलं. तिसऱ्यांदा मी पुसणारीला पाहिलं. ती शेवंताच होती, पदराने पुसत होती.

"मॅडम, तुमी त्याईले सांगू नका," ती म्हणाली. "मोह पडून राह्यला, अन् बाया वाचून भेतेत. वाघ तं दरसाल राह्यते."

मी सांगितलं नाही. भाऊंना मात्र विचारलं, "लोकांना नकोच आहे, तर कशाला जीव काढता?"

"कोनाले आवडलं पायजे असं थोडी हाय," ते म्हणाले आणि चौथ्यांदा लिहायला लागले. मला त्यांचा राग आला, आणि अभिमानही वाटला. दोन्ही एकदमच.

रविवारी मी शेवंताबरोबर जंगलात गेले. तिला अडवायची हिंमत झाली नाही, एकटीला सोडायचीही झाली नाही. जेमतेम उजाडत होतं. सात-आठ बाया झाडांखाली वाकल्या होत्या. आणि त्यांच्या आणि नाल्याच्या मधोमध भाऊ उभे होते, हातात तेलाचा रिकामा पिपा आणि काठी घेऊन. थांबून थांबून ठोकत होते. बायांना त्याचं काहीच नवल नव्हतं. पंजा दिसल्यापासून ते रोज त्यांच्या आधी येऊन उभे राहत होते. या दिवसांत त्यांची सकाळची सायकलफेरी उशिरा का निघत होती, हे मला तेव्हा कळलं.

"बाबा, तुमी आता जा घरी," शेवंता वैतागून म्हणाली. "फळ्यावर लिवलं न तुमी? झालं तुमचं काम."

भाऊंनी काठी थांबवली. मग नाल्याकडे बघतच म्हणाले, "तुही सासू गेली न, त्याच्या आदल्या दिवशी म्या पंजा पायला होता. इथीच. कोनाले सांगतलं नाई. तिलेबी नाई. लय बहर होता त्या साली. म्हनलं, सांगतलं तं सारं गाव मलेच बोलन."

इतकी वर्षं या माणसाने साऱ्या गावाचं खरं लिहिलं, स्वतःच्या ओरडण्याचंही लिहिलं, आणि हे एवढं आत ठेवून राहिला.

शेवंताने टोपली खाली ठेवली. भरत आली होती. मग तिने एकेकीला नावाने हाक मारली. "पार्बताबाई, चला. यमुना, चाल. आता राहू द्या." पार्बताबाईने खाली पसरलेल्या फुलांकडे एकदा पाहिलं, पदर झटकला आणि निघाली. तिच्यामागे एकेक करून साऱ्या निघाल्या. फुलं तशीच राहिली, पांढरीपिवळी, झाडाखाली भरून.

"बाबा, चला न," शेवंता म्हणाली.

"तुमी व्हा समोर," ते म्हणाले. आणि शेवटची बाई डांबरी रस्त्याला लागेपर्यंत भाऊ नाल्याकडे तोंड करून पिपा ठोकत राहिले.