बायकांची सोय कुठं हाय?

लग्नाला गेलं की माणसं आधी नवरा-नवरी बघतात, नाहीतर पंगतीचा अंदाज घेतात. आमच्या शेजारच्या शकाआक्का मांडवाच्या मागं जातात. यजमानांशी राम राम व्हायच्या आधी, हातात अक्षता पडायच्या आधी त्या बायकांच्या संडास-मुतारीची पाहणी करून येतात. दाराला आतून कडी आहे का, बादलीत पाणी आहे का, दिवा लागतो का. मनासारखं दिसलं नाही तर पुढं येऊन पहिल्या फेटेवाल्याला धरतात. "पावनं, बायकांची सोय कुठं हाय?" तो बिचारा खुर्च्यांकडं बोट दाखवतो. मग आक्का त्याला नेमकं काय विचारलंय ते सांगतात, आणि बँडवाले वाजवत असले तरी त्यांचा आवाज बँडच्या वर जातो.

आक्कांबरोबर नेहमी मी असते, कारण त्यांना स्कूटी येत नाही आणि मला येते. त्यामुळे श्रीगोंद्यापासून काष्टीपर्यंतची सगळी मंगल कार्यालयं मी पाहिली आहेत, पण मागून. कुठल्या स्टेजवर कसली कमान होती, नवरीनं काय नेसलं होतं, हे मला विचारण्यात अर्थ नाही.

शकाआक्का म्हणजे शकुंतलाबाई, निवृत्त कंडक्टर. नवरा एसटीवर ड्रायव्हर होता. तो गेला तेव्हा मुलगी मनीषा रांगत होती. त्याच्या जागी आक्कांना कंडक्टरची नोकरी मिळाली. आई ड्यूटीवर गेली की मनीषा आमच्याकडं असायची, माझ्या मशीनखाली चिंध्यांच्या बाहुल्या करत. आता आक्कांची नोकरी संपली, पण घंटी काही सुटली नाही. बोटातल्या अंगठीनं त्या समोर असेल त्या भांड्यावर वाजवतात. एकदा टण म्हणजे थांबा. दोनदा टण म्हणजे चला. मी रंगात येऊन नणंदेची गाऱ्हाणी सांगत असते, तेवढ्यात कपबशीवर टण होतं आणि मी मुकाट्यानं थांबते. आपल्याच घरात, आपल्याच कपबशीवर.

मी शिवणकाम करते. बाई माप द्यायला उभी राहिली, हात वर केले, गळ्यात टेप पडली की तिला पळता येत नाही, हे आक्कांनी बरोबर हेरलं आहे. दुपारी त्या माझ्या स्टुलावर येऊन बसतात आणि मी छातीचं माप घेत असताना विचारतात, "पानी किती पितीस गं?"

"पिते की आक्का."

"लघवीचा रंग कसा असतो? पान्यावानी का कोऱ्या चहावानी?"

"अगं बया!" म्हणून ती बाई हसत सुटते, छाती फुगते आणि माझं माप चुकतं. आक्कांमुळं उसवून पुन्हा शिवलेल्या ब्लाऊजांचा ढीग केला तर दार लागायचं नाही.

पण हसून झालं की बाई बोलायला लागते. "खुरपायला गेल्यावर रानात पुरुषमानसं असत्यात आक्का. पानी पिलं की जायाला लागतं. म्हून घरी येईस्तवर पीतच न्हाई."

टण. "हितंच चुकतंय बघ," आक्का म्हणतात. पाणी टाळायचं आणि आलेली तुंबवून धरायची, यानंच आत दुखणं धरतं, हे त्या बसमध्ये पुढच्या स्टॉपचं नाव सांगावं तसं सांगतात. लाजत नाहीत आणि लाजू देत नाहीत. "जळजळ झाली, घडीघडी जावंसं वाटलं, तर तपासून घ्यायचं. वर ताप आला, पाठ-कंबर धरली, तर त्याच दिवशी दवाखाना. मेडिकलमधून गोळी आनून गिळायची न्हाई. कळलं? चल मंग." आणि कात्रीवर टण टण. आता काही जणी जुनंच ब्लाऊज ढिलं करायचं निमित्त काढून येतात. मी पोटभर कुरकुर करते, पण स्टूल कधी हलवलं नाही.

हे वेड त्यांना नोकरीनंच लावलं. सुरुवातीला त्याही गाडीवर पाणी पीत नसत. गाडीतल्या पुरुषांना काय, रस्त्याला कुठंही भिंत सापडते. एका उन्हाळ्यात ताप चढला, किडनीला सूज आली, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना शाळेतल्या पोरीसारखं झापलं. बऱ्या होऊन ड्यूटीवर आल्या त्या वेगळ्याच. कुणी बाई कानाशी येऊन कुजबुजली की भर रस्त्यात टण. गाडी थांबायची. कुठल्या ओढ्याला झाडी आहे, कुठं बांधाला घाणेरीचं दाट झुडूप आहे, सगळं त्यांना पाठ. ज्वारी कमरेच्या वर गेली की त्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि ज्वारी काढली की म्हणायच्या, "झालं, बायकांचं हाल सुरू." पुरुष कुरकुरायचे, उशीर होतो म्हणायचे. आक्का विचारायच्या, "इंजिनाला पानी घालायला थांबता ना? मंग?"

निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातल्या बाजारतळाचं प्रकरण हाती घेतलं. आमचा जनावरांचा बाजार मोठा. तळावर बैलांना प्यायला हौद आहे, सावलीला चिंचा आहेत. भाजी विकणाऱ्या बायकांसाठी बांधलेल्या खोलीला मात्र कुलूप, आणि चावी कुणाकडं आहे ते कुणालाच ठाऊक नाही. आक्का ग्रामसभेला गेल्या, त्या ताकाची कळशी घेऊन. उन्हाचे दिवस होते. सगळ्या मेंबरांना तांब्या-तांब्या ताक आग्रहानं पाजलं. "घ्या दादा, मिरपूड घातलीया." मग दारात उभ्या राहून त्यांनी बोलायला सुरुवात केली. बैलांच्या हौदापासून सुरू केलं आणि थांबायचं नाव नाही. काही वेळानं सरपंच चुळबुळले, उठले. आक्कांनी कळशीवर टण केलं. "बसा दादा, अजून इषय संपला न्हाई. नुसतं इतकुसं ताक पिलाय तुमी. बायका पहाटपासून बसत्यात."

चावी सरपंचांच्याच कपाटात निघाली. त्या दिवशी सभा फार लवकर आटोपली.

असं हे चाललेलं असतं. लोक हसतात, नावं ठेवतात, आणि अडलं की आक्कांकडंच येतात. पण आक्कांची एक गोष्ट मला खुपायची. त्या मनीषाकडं जात नसत. तिचं सासर जामखेडच्या अलीकडं, कोरडवाहू भागात. कुणी विचारलं की आक्का सांगत, "नातवंड होईस्तवर लेकीच्या घरचं पानी पिऊ नये म्हंत्यात. मंग दिवसभर बिनपान्याचं ऱ्हायाचं व्हय? मला न्हाई झेपत." रीत खरीच आहे, त्यामुळे गावाला पटायचं. मला पटत नव्हतं, कारण मी त्या लग्नाला हजर होते.

लग्न मुलाकडं होतं, त्यांच्या दारातच मांडव. मनीषा पहाटेपासून हळद, आंघोळ, चुडा, शालू यांत अडकलेली. घरात एकच संडास, तोही पुढच्या अंगणात, आणि अंगण पाव्हण्यांनी भरलेलं. अंतरपाट धरला. भटजींनी दुसरं मंगलाष्टक घेतलं. मामाच्या मागं उभ्या असलेल्या आक्कांनी लेकीकडं पाहिलं. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती आणि ओठ दाबून धरलेले. उभ्यानं प्रवास करणाऱ्या बाईचे असे पाय आक्कांनी जन्मभर पाहिले होते. हातात पूजेचा तांब्या होता. टण!

आवाज भटजींच्या माईकमधून सगळ्या गावात गेला. भटजी थांबले. बँडवाला नको तिथं वाजवायला लागला होता, तोही थांबला. त्या शांततेत आक्का म्हणाल्या, "दोन मिंटं थांबा. पोरीला लघवीला जायाचंय." तेही माईकमधून गेलं.

मनीषा खाली मान घालून शालू सावरत अख्ख्या मांडवातून गेली आणि आली. मुहूर्त टळला तो थोडासाच, पण विहीणबाईंचं तोंड जे फिरलं ते फिरलं. पाठवणीला मनीषा माझ्या गळ्यात पडून रडली. आईच्या पडली नाही. "आई, साऱ्या गावाम्होरं माझी अब्रू घालवलीस," एवढंच म्हणाली, "माझ्या घरी येऊ नगंस." सासरी तिचं नाव पडलं, 'दोन मिनिट'.

तेव्हापासून दर दिवाळीला आक्का जामखेडच्या गाडीवरच्या कंडक्टरकडं चकल्यांचा डबा द्यायच्या. चारआठ दिवसांनी डबा परत यायचा, घासून पुसून, रिकामा. आमच्याकडं रिकामा डबा कुणी परत देत नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. आक्का झाकण उघडून आत बघायच्या आणि लावून टाकायच्या. मनीषाला दिवस गेल्याचंही आम्हाला तिसऱ्याकडूनच कळलं. त्या दिवशी आक्का स्टुलावर बसून राहिल्या आणि माप द्यायला आलेल्या बाईला त्यांनी काहीच विचारलं नाही. मला फार वाईट वाटलं. जिचा आवाज तालुक्याला पुरतो, तिचा एका फोनपुरताही आवाज निघत नव्हता.

या वर्षी संक्रांत झाल्यावर, ज्वारीच्या काढण्या चालू असताना, भर दुपारी आक्कांचा मोबाईल वाजला. माझ्या खिडकीत रेंज येते म्हणून तो तिथंच ठेवलेला असतो. आक्कांनी नाव पाहिलं आणि उभ्याच राहिल्या.

"हां मने."

मग बराच वेळ त्या ऐकत होत्या. मी मशीन बंद केलं. बाजारात, ग्रामसभेत, मांडवात जे प्रश्न त्या खड्या आवाजात विचारतात, तेच प्रश्न आज भिंतीकडं तोंड करून, मोबाईलवर हात धरून विचारत होत्या. मी एवढी जवळ असून मला जेमतेम ऐकू येत होते. "कधीपास्नं जळतंय?... ताप हाय?... कंबर?... कुनाला सांगितलं न्हाईस?... आनि पानी?"

पाण्याचं उत्तर ऐकून त्या खाली बसल्या.

फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "संडास पुढं अंगनात हाय. सासरा दिवसभर बाजंवर तितंच बसतोय. लग्नापास्नं ही दिवसा जातच न्हाई. जाताना कुनी बघितलं तर पुन्यांदा 'दोन मिनिट' म्हंतील, म्हून पानीच पीत न्हाई. पोटुशी पोर, शोभे. पानी पीत न्हाई." मग म्हणाल्या, "साऱ्या तालुक्याला पानी पाजलं म्या. आनि माझ्याच बोलन्यानं माझ्या लेकीनं सोडलं."

मी म्हटलं, "आक्का, रडायचं नंतर बघू. गाडी किती वाजता आहे?" हे त्यांना अर्थातच पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मनीषाला तिच्या घरून घेऊन सरळ दवाखान्यात गेलो. लघवी तपासली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंतुसंसर्ग झालाय, गरोदरपणात अंगावर काढला तर बाळंतपण लवकर व्हायची भीती असते, वेळेत आणलंत. पोटुशीला चालणारं औषध दिलं, ते पुरतं संपवायला सांगितलं आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं. आक्का कोपऱ्यात उभ्या होत्या. एरवी डॉक्टरांनाही दोन गोष्टी शिकवून आल्या असत्या. आज नुसत्या मान हलवत होत्या.

मनीषाच्या सासरी परतलो. सासरे अंगणात बाजेवर पेपर वाचत बसलेले, त्यांच्या पायांपासून चार पावलांवर संडासाचं पत्र्याचं दार. विहीणबाईंनी रीत म्हणून पाण्याचा तांब्या आणला आणि म्हणाल्या, "तुमी तर काय पिनार न्हाई म्हना."

आक्का तांब्याकडं बघत बसल्या.

मनीषा उठली. आईच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि सासऱ्यांना स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पी आई. आनि सोय हितं पुढं अंगनात हाय. चल, मी दावते. मला बी जायाचंय." आणि हातातल्या अंगठीनं तिनं तांब्यावर वाजवलं. टण टण.

आक्कांनी पेला तोंडाला लावला तो संपवूनच खाली ठेवला. डोळे पुसले, की तोंड पुसलं, एकाच पदरानं काय काय पुसलं ते कळलं नाही. मग माय-लेकी हातात हात घेऊन अंगण ओलांडायला लागल्या. सासऱ्यांनी पेपर वर केला, खाली केला, शेवटी उठले आणि बाज उचलून घरामागच्या लिंबाखाली घेऊन गेले.

विहीणबाई उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. त्यांचा सगळा संसार त्या बाजेसमोर गेलेला. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि चपला शोधायला लागल्या.

"थांबा गं," त्या म्हणाल्या, "मी बी येते."