गच्ची धुण्यापुरतं पाणी

गच्चीवर शेवाळ साचलं होतं आणि शेवाळाला खेटून पिण्याच्या पाण्याची टाकी होती. पाणीखात्याने कळवलं, शनिवारपर्यंत गच्ची स्वच्छ न झाल्यास इमारतीची नळजोडणी तोडण्यात येईल. निर्णय रहिवाशांच्या आरोग्यासाठीच होता. पाणीच नसलं, की दूषित पाणी पिण्याचा प्रश्न उरत नाही.

जोडणी तुटली तर रहिवासी सोसायटीच्या सेक्रेटरींना उभं सोलणार होते, आणि सोलून झाल्यावर हात धुवायलाही पाणी नसल्याबद्दल पुन्हा बोलणार होते. त्यांनी तडक जोरदार फवाऱ्याने फरशी धुणारा प्रेशर वॉशर मागवला.

मशीनवाल्याने यंत्र धापा टाकत वर नेलं, नळी गच्चीवरच्या नळाला जोडली आणि बटण दाबलं. यंत्र खोकलं, चूळ भरावी एवढं पाणी थुंकलं आणि गप्प झालं.

"अहो, जोर कुठंय याचा?"

"जोर आमचा, पाणी तुमचं," मशीनवाला म्हणाला. "याला घोट घोट चालत नाही, घटाघटा लागतं. वर येणारं पाणी वाटेत प्रत्येक मजला पितोय. खालचे नळ बंद ठेवायला सांगा."

टाकीतलं वापरावं, तर ते पिण्याचं. त्याने शेवाळ धुणं हा गुन्हा होता. नळाच्या पाण्याला मात्र खात्याची हरकत नव्हती, कारण टाकीत पडेपर्यंत ते पिण्याचं ठरत नसे.

शुक्रवारी संध्याकाळी सेक्रेटरींनी दारोदार सांगितलं, "उद्या सकाळी कुणीही नळ उघडायचा नाही." सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या, दारं लावली आणि बादल्या नळाखाली लावल्या. सेक्रेटरी घरी परतले, तर बायको प्रेशर कुकरही भरत होती.

"अगं, हे काय चालवलंयस?"

"उद्या पाणी नाही ना? भरून ठेवतेय."

"सगळ्यांनी असं भरलं, तर उद्या वर काय चढेल?"

"काहीच नाही. म्हणून तर आजच भरतेय!"

सेक्रेटरींनी पुष्कळ शोधलं, पण या बोलण्यात त्यांना खोट सापडेना. त्यांनी निमूटपणे आपला दाढीचा मग पुढे केला.

रात्रभर घरोघरचे नळ चालूच राहिले. शनिवारी टाकी कोरडी, पाइप कोरडा, यंत्र मुकं. अशात पाणीखात्याचे तपासनीस आले. त्यांनी शेवाळ पाहिलं, मान हलवली आणि नळ उघडला. नळाने नुसता सुस्कारा टाकला.

"हे काय? ही जोडणी तर तुटल्यासारखीच आहे!"

"होय साहेब. मग आता कारवाईची गरज नाही ना?" सेक्रेटरींच्या जिवात जीव आला.

"वा! नसलेलं पाणी बंद केलं, असं मी वर काय सांगू? आधी नीट चालू करावं लागेल. मग रीतसर तोडता येईल." तपासनीसांनी फोन लावला. "या इमारतीला पूर्ण दाबाने सोडा. कारवाई कच्ची राहायला नको."

पाइप थरथरला. पाणी असं उसळत वर आलं, की यंत्राने डरकाळी फोडली. फवाऱ्याखाली शेवाळाची सालं निघाली आणि खालून पांढरीशुभ्र फरशी दिसली. सेक्रेटरींचे डोळे भरून आले.

"साहेब, थोडं थांबा! गच्ची होतेच बघा!"

तपासनीसही माणूसच होते. "पाणी आहे तोवर धुवा," ते म्हणाले. "गच्ची स्वच्छ निघाली, तर मी आल्या पावली परत जाईन."

अर्धी गच्ची निघाली, तोच खालून आरोळी आली, "पाणी आलं गं!"

मजल्यामजल्यावर नळ उघडले. बादल्या भरलेल्याच होत्या; पण ते पाणी कालचं, म्हणजे शिळं. ते मोरीत ओतून सगळे ताजं भरू लागले. यंत्राला ठसका लागला.

सेक्रेटरी कठड्यावरून ओरडले, "नळ बंद करा! साहेब जोडणी तोडताहेत!"

खालच्या खिडकीतून बायकोचं डोकं बाहेर आलं. "तोडताहेत? अगबाई! त्यांना चहा विचारा, बोलण्यात गुंतवा. मी पिंप भरून घेते!"

यंत्र गप्प झालं. तपासनीसांनी चालू असलेलं पाणी समाधानाने, रीतसर बंद केलं.

हसताय? हसा. फक्त आता तुमच्या स्वयंपाकघरात नळ फुरफुरला, तर जागचे हलू नका; आधी वरच्या मजल्याला मिळू द्या. अहो, निघालात कुठं? गोष्ट अजून संपली नाही!