मध्यम वजनाचा माणूस

जावईबापूंची शिवण भर दुपारी उसवली आणि काचेमागच्या पांढऱ्या चादरीवर वाळू सांडली.

जावईबापू म्हणजे जाड कापडाचं, माणसाच्या लांबीचं वाळूचं पोतं. गाद्यांच्या त्या दुकानात मालकांचा एक नियम होता: डबल गादी एकट्या माणसाच्या वजनावर तपासून विकायची नाही. एका बाजूला कुणी कूस बदलली की दुसऱ्या बाजूला किती हलतं, यावरच डबल गादीची खरी किंमत ठरते. गिऱ्हाईक जोडीने आलं तर प्रश्न नसे. एकटं आलं तर दुसऱ्या बाजूला पोतं. ते बोलत नसे, जड होतं आणि सगळे त्याला जपून उचलत, म्हणून मालकांनी त्याला ते नाव दिलं होतं.

पोतं उसवलं तेव्हा गिऱ्हाईक समोरच उभं होतं. ती दातांची डॉक्टर होती. दवाखाना मागच्या गल्लीत, अंगात तिथलाच पांढरा कोट. तिला बरेच दिवस नीट झोप लागत नव्हती आणि एकेक कारण वगळत ती गादीपर्यंत आली होती. आधी संध्याकाळचा चहा सोडून पाहिला, मग पडदे बदलले, मग उशी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही, असं तिने विक्रेत्याला समजावून सांगितलं.

"दुसऱ्या बाजूला वजन किती धरू?" विक्रेत्याने विचारलं.

"सध्या कुणी नाही."

"मग सिंगल दाखवतो ना."

"गादी दहा वर्षं टिकते म्हणता. दहा वर्षांत काय होईल ते तुम्ही सांगणार का? मध्यम धरा."

विक्रेता सांडलेल्या वाळूकडे बघत राहिला. मालकांनी गल्ल्यावरून मान वर केली. "तूच पड की," ते म्हणाले. "मध्यमच आहेस तू."

या विक्रेत्याला सगळे सावकाश म्हणत. गिऱ्हाइकाला तो म्हणे, 'सावकाश बघा.' लग्नाचं कुणी विचारलं की म्हणे, 'सावकाश बघू.' असं बघता बघता त्याची पस्तिशी उलटली होती. त्याचं बायकांशी वाकडं नव्हतं. ताईने सुचवलेल्या प्रत्येक मुलीला तो भेटे, मनापासून गप्पा मारी, तिला घरापर्यंत सोडी. आणि मग चारदोन भेटींनंतर, खूप वाईट वाटून, सांगे की मी अजून तयार नाही. तयार म्हणजे नक्की काय, असं ताईने खोदून विचारलं की तो खिडकीबाहेर बघे. त्याची अशी समजूत होती की माणूस तयार झाला की त्याला आतून कळतं, भूक लागल्याचं कळतं तसं. तो त्या भुकेची वाट बघत होता. त्यात मित्र येऊन सांगत की हल्लीच्या बायका कपबशा कुणी विसळल्या ते लक्षात ठेवतात. सावकाश स्वतःच्या कपबशा कायम स्वतःच विसळत आला होता, तरी या बातमीने त्याला धडकी भरे.

त्याने बूट काढले, वाळू झटकली आणि गादीच्या पार कडेला, लाकडासारखा ताठ आडवा झाला. डॉक्टरही आपल्या बाजूला आडवी झाली. मध्ये आणखी एक माणूस सहज मावला असता. तपासणी सोपी होती: तिने कूस बदलायची, त्याने हललं की नाही ते सांगायचं.

"कळलं?"

"नाही."

"आता?"

"नाही."

काचेतून ऊन पायांवर येत होतं. दुकानभर पांढऱ्या गाद्या एकावर एक रचलेल्या होत्या, आणि आडवं पडून बघितलं की त्या गाद्या वाटतच नव्हत्या. डोंगरावर ढग उतरावेत तशा वाटत होत्या. पंखा फिरत होता. कापसाचा एक तंतू हवेत तरंगत खाली यायचा आणि पुन्हा वर जायचा.

"आता?" डॉक्टरने विचारलं.

उत्तर आलं नाही. गादी चांगलीच असणार, असं तिच्या मनात आलं, आणि या निष्कर्षातली चूक शोधता शोधता तिलाही झोप लागली.

सावकाशला स्वप्न पडलं. तो एका सपाट, पांढऱ्या होडीत होता. पाणी अजिबात हलत नव्हतं. दुरून मोठमोठ्या जहाजांचे भोंगे ऐकू येत होते, आणि ती जहाजं आपल्यालाच वाट देत आहेत असं त्याला वाटत होतं.

भोंगे खरे होते. सावकाशची ताई लोकांना मोटार शिकवायची. तिच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक होता. शेजारी एक निवृत्त प्राध्यापक स्टिअरिंग धरून जपून गाडी चालवत असताना ताईची नजर दुकानाच्या काचेकडे गेली आणि तिचा पाय आपोआप दाबला गेला. गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडली. माझं काय चुकलं, असं प्राध्यापक विचारत राहिले. तुमचं काहीच चुकलं नाही सर, बसून राहा, असं सांगून ताई उतरली. प्राध्यापक बसून राहिले. त्यांना गाडी चालू करणं अजून शिकवायचं होतं.

मागे गाड्यांची रांग लागली. भोंगे वाजू लागले. लोक खाली उतरून, गाडी का थांबली ते बघायला पुढे आले, आणि पुढे आले की त्यांना काचेमागे दोन झोपलेली माणसं दिसत. इतक्या गोंगाटात कुणी झोपू शकतं हे बघून लोक भांडायचे विसरले. एका बाईने नवऱ्याला कोपराने ढोसून विचारलं, आपली गादी कधीची आहे हो?

ताई आत आली ती चवड्यांवर. मालकांनी ओठांवर बोट ठेवून तिला खुर्ची दिली. उठवायचं नाही, ते कुजबुजले. अशी जाहिरात पैसे टाकूनही मिळत नाही. ताईलाही उठवायचं नव्हतंच. तिने तोंडावर हात धरून आईला फोन लावला. झोपलाय, ती म्हणाली. शेजारी एक बाई आहे. डॉक्टर दिसतेय. नाही गं, अगदी नीट, आपापल्या बाजूला, चाळीस वर्षं संसार झाल्यासारखे. आईने पलीकडून काय विचारलं ते कळलं नाही, पण ताईने डॉक्टरकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, चेहऱ्यावरून तरी समंजस वाटते.

सावकाश जागा झाला तेव्हा ताई उशाशी होती, काचेला नाकं चिकटली होती आणि मालक कुणाला तरी हीच गादी विकत होते. तो ताडकन उठून बसला. त्या बाजूला एवढं झालं तरी डॉक्टरला काहीच कळलं नाही. गादी खरोखरच चांगली होती.

डॉक्टर नंतर आरामात उठली, केस बांधले आणि भोवतालची गर्दी बघून आधी घड्याळ बघितलं. ताईने तिला पाणी दिलं आणि लगेच विचारलं, घरी कोण कोण असतं.

"लग्नाचं विचारताय का?" डॉक्टर म्हणाली. "झालेलं नाही. माणसं भेटतात, चांगली असतात. दोन-तीनदा चहा होतो. मग म्हणतात, मी अजून तयार नाही."

ताईने भावाकडे बघितलं. भाऊ बुटाच्या नाड्या बांधत होता. एकच नाडी तो पुन्हापुन्हा बांधत होता.

"वाईट वाटतं का हो?" ताईने विचारलं.

"राग येतो. मी तयार आहे असं गृहीत धरतात म्हणून. मलाही भीती वाटते की. मी फक्त तसं सांगून चहा अर्धवट टाकून जात नाही."

गादी संध्याकाळीच तिच्या घरी पोचली. ताईने घरी जाऊन भावाला काही म्हटलं नाही, आणि तेच त्याला फार जड गेलं. तो अंथरुणावर पडून छताकडे बघू लागला. गाद्या विकणारा हा माणूस जमिनीवर सतरंजी टाकून झोपत असे आणि आजवर त्याला तिथे उत्तम झोप लागली होती.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर परत आली. या गादीवर झोप येत नाही, म्हणाली. दुकानात आली होती, घरी येत नाही. मालकांनी नवी गादी दिली. तीही परत आली. मालक वैतागले, कारखान्याचं नाव खराब होतंय, म्हणाले. मग त्यांनाच सुचलं की तपासणीच्या वेळी दुसऱ्या बाजूला वजन होतं, घरी नाही, फरक तेवढाच. सावकाशने दिवसभर बसून जावईबापूंना दुहेरी टाके घातले, वाळू भरली, स्वतः तराजूवर उभं राहून तेवढंच वजन केलं आणि पोतं तिच्या घरी पोचवलं.

यावेळी ती आली ती पुन्हा दुपारीच. मालकांनी तिला बघितलं, सावकाशकडे बघितलं आणि गोदामात काहीतरी मोजायला निघून गेले.

"वजन आहे," डॉक्टर म्हणाली. "झोप नाही."

"गादीत दोष नाही," सावकाश म्हणाला.

"हो. पोत्यातही नाही. चहा, पडदे, उशी, गादी, वजन. सगळं बघून झालं." ती काचेमागच्या गादीवर टेकली. डोळ्यांखाली काळं झालं होतं. "आता एकच गोष्ट उरते. ती मी बोलणार नाही. दरवेळी मीच बोलते."

पंखा फिरत होता. सावकाशने नेहमीचं वाक्य मनात जुळवलं. ते इतकं सवयीचं होतं की तोंडातून अर्धं निघालंसुद्धा.

"मी अजून तयार..."

डॉक्टर उठू लागली. तिने पिशवी खांद्याला लावली. ती दारातून गेली की गादीची तक्रार संपणार होती, आणि तिला या दुकानात यायचं दुसरं काही कारण नव्हतं. हे त्याला अगदी स्वच्छ दिसलं.

"तयार नाहीच आहे मी," तो घाईने म्हणाला. इतक्या घाईने त्याला कुणी बोलताना ऐकलं नव्हतं. "पण मलाही झोप येत नाहीये. त्या दिवसापासून."

ती थांबली. "दाढ काढायला माझ्याकडे इतके लोक येतात," ती म्हणाली, "तयार होऊन आलेला एकही बघितला नाही मी. खुर्चीत बसतात, एवढंच."

"मी आलो तर चालेल का?" सावकाशने विचारलं. "तपासणीला नाही. लग्न करून. कपबशा मी विसळतो."

"आळीपाळीने," डॉक्टर म्हणाली. तिने विचार करायला वेळ घेतला, पण मध्येच तिला एवढी मोठी जांभई आली की मागच्या दाढेतली चांदीसुद्धा दिसली. "चालेल. आता जरा पडू का? पुढचा पेशंट साडेचारला आहे."

ती आडवी झाली. काही वेळाने तिचा हात झोपेतच पुढे आला आणि काठावर बसलेल्या सावकाशच्या बाहीवर पडला. त्याला मुंग्या आल्या, आधी बोटांना, मग कोपरापर्यंत. त्याने हात हलवला नाही. कापसाचे तंतू उन्हात वर-खाली होत होते, आणि बाहेरचा रस्ता काचेपलीकडे कुठेतरी खूप खोल पाण्याखाली असल्यासारखा शांत वाटत होता.

थोड्या वेळाने ताई आली, दारातूनच बोलत. प्राध्यापक परीक्षा पास झाले होते.

"हळू, ताई," सावकाश म्हणाला. "झोपल्यात त्या."

ताईने त्या हाताकडे बघितलं, बाहीकडे बघितलं, भावाच्या तांबारलेल्या डोळ्यांकडे बघितलं. मग शेजारी बसून ती कुजबुजली, "तूही पड ना जरा. किती दिवस झोपलेला नाहीस."

"मला कशी येईल झोप," सावकाश म्हणाला. "लग्न ठरलंय माझं."