परबांच्या हातून करपत नाही

आमच्या शेजारच्या खोलीतले परब भिंतीपलीकडून आमचा स्वयंपाक ऐकतात. बायकोने कढई ठेवली की आवाज येतो, "वहिनी, मोहरी अजून फुटायची आहे!" नाहीतर, "वहिनी, भात बुडाला लागतोय." आधी मला हा आगाऊपणा वाटला. मग मी महिनाभर मोजलं. अकरा सूचना, अकराही बरोबर. तेव्हापासून आमच्या घरात भाताकडे कोणी बघत नाही.

परब लोअर परळच्या एका टॉवरमध्ये एकाच कुटुंबासाठी रांधतात. एकदा ते चष्मा विसरले, म्हणून मी तो द्यायला एकतिसाव्या मजल्यावर गेलो. जेवायला आठ पाहुणे होते. माझ्यादेखत फोन आला आणि ते चौदा झाले. वेळ तेवढीच, चाळीस मिनिटं. बाईसाहेब दर पाच मिनिटांनी आत डोकावत होत्या. "परब, झालं का?"

"घाई माणसाला असते बाई, आचेला नसते," परब म्हणाले. हात एका लयीत चालले होते. ना वेग वाढला, ना थेंब सांडला. चाळिसाव्या मिनिटाला चौदा ताटं बाहेर गेली. मी अजून चष्मा हातात धरून उभा होतो.

त्या पाहुण्यांत एक दिग्दर्शक होता. तो अशाच एका खाजगी शेफवर सिनेमा काढत होता. कामाच्या दडपणाखाली शेफ कोसळतो, अशी गोष्ट. त्याच्या नटाला कांदा धरता येत नव्हता. तेव्हा चेहरा नटाचा आणि हात परबांचे, असं ठरलं.

शूटिंगला मी सोबत गेलो. कांदा, वाटण, फोडणी सगळं पहिल्या फटक्यात झालं. मग दिग्दर्शक म्हणाला, "काका, आता कालवण करपू द्या. इथे शेफ हरतो."

कॅमेरा सुरू झाला. कालवण बुडाला लागणार, इतक्यात परबांनी गॅस बंद केला. असं तीनदा झालं.

"काका, प्लीज, हात मागे ठेवा ना!"

"मी ठेवतो हो. तोच ऐकत नाही."

"मग नाइलाज आहे. सगळेच शॉट दुसऱ्याच्या हातांवर घ्यावे लागतील."

परबांचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "साळवी, आमची मंडळी बावीस वर्षं गावी आहे, आईपाशी. मी वर्षातून दोनदा जातो. चुलीजवळ गेलो की म्हणते, 'तुमी चार दिसाचे पावणे, भायर बसा.' तिने मला कधी कांदा चिरताना बघितलं नाही रे. आता सिनेमात पहिल्यांदा बघणार, आणि तेही करपवताना?"

मी जाऊन दिग्दर्शकाला हे जसंच्या तसं सांगितलं.  त्याने फक्त करपण्यापुरते एका लाइटवाल्याचे हात घेतले.

सिनेमा दादरला लागला, तेव्हा परबांच्या मंडळी सासूला धाकट्या जावेवर सोपवून मुंबईला आल्या. आम्ही तिघं शेजारी बसलो. परबांचा जीव थाऱ्यावर नव्हता. "करपलं की लगेच सांगतो तिला, तो मी नव्हे म्हणून," हे त्यांनी मला चारदा सांगितलं.

पडद्यावर हात आले. कांदा कागदासारखा पातळ चिरला जात होता. परबवहिनी खुर्चीत पुढे सरकल्या आणि त्यांनी पापणीही हलवली नाही. मग कालवणातून धूर निघाला. परब घाईने त्यांच्याकडे वळले.

त्यांनी तोंड उघडण्याआधीच वहिनी पुढच्या दोन रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ह्यो हात तुमचो न्हय."

"तुका कसा कळला?"

"माका कळता."

त्यानंतर परब पडद्याकडे वळलेच नाहीत. सिनेमा काय होता, हेही त्यांना ठाऊक नसावं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा घेतली. सकाळीच बांगडे आणले. बारा वाजता मी गॅलरीतून जात होतो, तर त्यांचं दार लावलेलं. आमच्या चाळीत दिवसा कोणी दार लावत नाही. बायको विरजण मागायला वाटी घेऊन तिकडेच निघाली होती. मी तिला परत बोलावलं.